व्हेन पंपाचे किट मी मोजल्याशिवाय का बसवत नाही

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील माझ्या वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन गेलेला एक पंप तेविसाव्या दिवशी परत आला, ही गोष्ट सांगताना मला अजूनही संकोच वाटतो, कारण तो पंप मी स्वतःच्या हाताने बांधला होता. वर्धा जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात रुईच्या गाठी बांधणारी हायड्रॉलिक प्रेस आहे, तिचा तो मुख्य पंप. जानेवारीचा महिना होता. आवारात कापसाच्या गंज्या लागलेल्या आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग. अशा दिवसांत प्रेस थांबली की रुई ठेवायला जागा उरत नाही, जागा नाही म्हणून जिनिंग थांबते, आणि जिनिंग थांबले की कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याचा मुक्काम फाटकाबाहेरच पडतो. सकाळी सातच्या सुमारास तिथल्या फिटरचा फोन आला.

"भाऊ, पंप लय ओरडून राहिला जी," तो म्हणाला, "अन् तेल गरम झालं का गाठ पुरी दबतच नाही."

निम्मे निदान त्याने फोनवरच करून टाकले होते. सकाळी गार तेलावर प्रेस बरी चालत होती. टाकी तापली की 170 किलोच्या गाठीला लागणारा दाब मिळेनासा होत होता. गार तेलावर चालणारा आणि गरम तेलावर मान टाकणारा पंप आतून गळत असतो, हे या धंद्यात पहिल्या वर्षीच कळते. मला कळत नव्हते ते एवढेच, की तेवीस दिवसांपूर्वी टेस्ट बेंचवर व्यवस्थित चाललेला पंप इतक्या लवकर गळायला का लागावा.

दुपारपर्यंत पंप माझ्या टेबलावर होता. कव्हरचे बोल्ट सोडून आतले कार्ट्रिज बाहेर काढले तेव्हा पहिल्यांदा नाकाला जळक्या तेलाचा वास आला. पितळी झाक असलेल्या ब्राँझच्या साइड प्लेटवर रोटरने गोल गोल चरे पाडले होते. रिंग पुसून खिडकीजवळ धरली, तर तिच्या आतल्या पृष्ठभागावर उजेड सरळ सरकत नव्हता. पन्हळी पत्र्यावरून सरकावा तसा तो तुटत तुटत पुढे जात होता. मी अंगठ्याचे नख त्या भागावरून फिरवले आणि नखाला लाटा लागल्या. दहापैकी नऊ व्हेनांच्या टोकावर चकचकीत सपाट पट्टा उमटला होता. दहावी व्हेन तिच्या खाचेत अडकून बसली होती. ती लाकडी काडीने मागून ढकलून काढावी लागली.

पुढचे समजण्यासाठी पंपाच्या पोटात काय चालते ते सांगणे भाग आहे. व्हेन पंपात एक रोटर फिरतो, त्याला केंद्राच्या दिशेने खोल गेलेल्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत व्हेन म्हणजे एक सपाट पोलादी पट्टी मागेपुढे सरकते. रोटरभोवती रिंग असते. ती बाहेरून गोल, पण आतून किंचित लांबट असते. रोटर फिरला की व्हेन बाहेर फेकल्या जातात आणि रिंगेला टेकून चालतात. दोन व्हेनांमधली जागा वाढत जाते तिथे तेल आत ओढले जाते, जागा घटत जाते तिथे ते बाहेर ढकलले जाते. एका फेऱ्यात हे दोनदा, समोरासमोरच्या बाजूंना घडते, त्यामुळे शाफ्टवर एका बाजूने येणारा दाब दुसऱ्या बाजूच्या दाबाने कटतो आणि बेअरिंगवर भार जवळजवळ येत नाही. ही संतुलित रचना अमेरिकेतील हॅरी व्हिकर्स यांनी 1925 मध्ये काढली आणि आजही कारखान्यांतील बहुतेक व्हेन पंप त्याच तत्त्वावर चालतात. रोटर, रिंग, व्हेन आणि दोन्ही बाजूंच्या प्लेटा मिळून जो गठ्ठा होतो त्याला आम्ही किट किंवा कार्ट्रिज म्हणतो. पंपाचे ओतीव शरीर वर्षानुवर्षे टिकते. झिजते ते किट, आणि पंप दुरुस्त करणे म्हणजे मुख्यतः किट बदलणे. अर्ध्या तासाचे काम आहे, असे म्हणणारे लोक याच कारणाने भेटतात.

आता मुख्य मुद्दा. रोटर फिरायचा तर त्याच्या आणि साइड प्लेटच्या मध्ये काहीतरी फट ठेवावीच लागते, आणि त्या फटीच्या एका बाजूला 140 बारचे तेल तर दुसऱ्या बाजूला सक्शन, म्हणजे तेल आत ओढले जाणारी बिनदाबाची बाजू असते. म्हणजे थोडे तेल त्या फटीतून निसटणारच. प्रश्न किती निसटणार एवढाच आहे, आणि त्याचे उत्तर माणसाला वाटते तसे सरळ प्रमाणात येत नाही. अरुंद फटीतून जाणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती दुप्पट न होता आठपट होते. दीडपट झाली तरी ती जवळजवळ साडेतीनपट होते. ही फट असते किती? एका बाजूला मिलिमीटरचे एक-दोन शतांश, म्हणजे दहा-वीस मायक्रॉन. वर्तमानपत्राचा कागद याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. तेव्हा दहा मायक्रॉनच्या चुकीला "थोडेसे इकडे तिकडे" म्हणणारा कारागीर लेथवर कितीही तयार असला, तरी व्हेन पंपाच्या बाबतीत त्याचा अंदाज कामाचा नाही. आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींचे हात सूतात विचार करतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन हजारांहून अधिक मायक्रॉन.

त्या प्रेसच्या पंपाचा हिशेब मांडतो. एका फेऱ्यात तो साधारण 100 घनसेंटिमीटर तेल ढकलतो आणि मोटर मिनिटाला 1440 फेरे फिरते, म्हणजे गळती शून्य धरली तर 144 लिटर प्रतिमिनिट. मी पहिल्यांदा बांधला तेव्हा बेंचवर 140 बारला 134 लिटर मिळाले होते. दहा लिटरची गळती. ठीक वाटली, म्हणून पंप पाठवून दिला. माझी चूक अशी, की ती चाचणी मी 40 अंशांच्या तेलावर केली होती. प्रेसमधल्या व्हीजी 68 या हायड्रॉलिक तेलाचा चिकटपणा 40 अंशांना 68 सेंटिस्टोक असतो, नावातील आकडा तोच; 65 अंशांना तो 24-25 च्या आसपास येतो. तेल जितके पातळ तितकी गळती जास्त, आणि ती याच प्रमाणात. म्हणजे माझ्या बेंचवरचे दहा लिटर कारखान्याच्या टाकीत, पंप अगदी नवा असतानाच, अठ्ठावीसच्या घरात जाणार होते. कागदावर एक गुणाकार केला असता तर मला ते त्याच दिवशी दिसले असते. हल्ली मी बेंचच्या टाकीतील तेल 60-65 अंशांपर्यंत तापवल्याशिवाय आकडा लिहीत नाही. त्यात दीड-दोन तास जातात, ग्राहक बाहेर चुळबुळ करतो, तरी नाही.

गळलेले तेल कुठे जाते हेही पाहण्यासारखे आहे. पिस्टन पंपात गळती वेगळ्या ड्रेन लाइनने बाहेर येते, तिथे बादली लावून ती मोजता येते. साध्या व्हेन पंपात ती आतल्या आत सक्शनकडे परत फिरते, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. दिसत नसले तरी तिची किंमत चुकवावी लागतेच: मिनिटाला 20 लिटर तेल 140 बारवरून फुकट खाली आले, तर साडेचार किलोवॅटहून अधिक शक्ती नुसती उष्णता होऊन तेलात उतरते. घरातले दोन मोठे गिझर टाकीत बुडवून दिवसभर चालू ठेवल्यासारखे ते आहे. ती उष्णता तेल आणखी पातळ करते, पातळ तेल आणखी गळते, आणखी गळले की आणखी तापते. जानेवारीत विदर्भातील रात्री थंड असतात म्हणून माझा तो पंप तेवीस दिवस तरी निघाला. मे महिन्यात, जेव्हा नागपुरात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि कूलरमधून येणारे तेलच पुरेसे थंड नसते, तेव्हा त्याने आठवडाही काढला नसता असे मला वाटते.

ते किट मी बाजारातून घेतले होते. विकणाऱ्याचे नाव घेण्याचे कारण नाही. त्याने माल ओरिजिनल म्हणून विकलाच नव्हता, आणि स्वस्त का आहे हे विचारण्याचे काम माझे होते. किंमत मूळ किटच्या एक तृतीयांशाच्या आतबाहेर होती. ग्राहक घाईत होता, मूळ किट यायला बारा दिवस लागणार होते, आणि डब्यातील भाग दिसायला देखणे होते. वर मी आणखी एक शहाणपणा केला. किटसोबत आलेल्या रिंगेवर एका ठिकाणी गंजाचा ठिपका होता म्हणून ती बाजूला ठेवली आणि जुनीच रिंग पॉलिश पेपर मारून परत बसवली. चमकली म्हणून ती चांगली आहे असे मी धरून चाललो.

पंप परत आल्यावर मी ते सारे भाग मोजले. खरे तर बसवण्याआधी मोजायला हवे होते. दहा व्हेनांची लांबी मायक्रोमीटरने घेतली तर सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड व्हेनमध्ये 17 मायक्रॉनचा फरक निघाला. ही लांबी रोटरच्या रुंदीपेक्षा केसभर कमी असावी लागते आणि सगळ्या व्हेनांची जवळजवळ सारखी असावी लागते. लांब व्हेन साइड प्लेटला घासते आणि ब्राँझ खरवडते, आखूड व्हेन आपल्या दोन्ही टोकांनी तेल सोडते. माझ्या पंपात दोन्ही प्रकार एकत्र नांदत होते: दोन लांब व्हेनांनी प्लेट कोरली, आणि त्या कोरलेल्या जागेतून उरलेल्या आठ व्हेनांच्या बाजूचे तेलही पळाले. चांगले कारखाने रोटर, रिंग आणि व्हेन मोजून, वर्गवारी करून, जुळणारे भाग एका डब्यात घालतात. म्हणूनच एका किटमधील व्हेन दुसऱ्या किटमध्ये घालू नये. दोन्ही किट उत्तम असली तरी त्यांची जोडी जमेलच असे नाही.

मग कडकपणा. ओळखीच्या एका हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रॉकवेलवर पाच व्हेन तपासून घेतल्या. व्हेन सहसा हायस्पीड स्टीलच्या असतात, ज्याची ड्रिल आणि मिलिंग कटर बनतात तेच पोलाद, आणि ते 62 ते 64 रॉकवेलपर्यंत कडक केलेले असते. माझ्या पाच व्हेनांत 53 पासून 59 पर्यंत आकडे आले, एकाही व्हेनचा आकडा दुसरीशी जुळेना. टोकावरचा तो चकचकीत सपाट पट्टा कशाने पडला याचे उत्तर मिळाले. यात भट्टीतील तापमानावर नियंत्रण नसणे हेच मूळ असावे, असे तो म्हणाला आणि मलाही ते पटले. डोळ्यांना, बोटांना, कानसेलाही हा फरक पुरेसा कळत नाही.

व्हेनवर एवढा जोर का, असा प्रश्न कुणालाही पडेल. व्हेनच्या टोकाची बाजू रिंगेवर असते आणि बुडाची बाजू खाचेच्या तळाशी. बुडाला पंपाचाच दाब दिलेला असतो, म्हणजे ती रिंगेला चिकटून राहावी. प्रेशरच्या भागात टोकालाही तितकाच दाब असतो, त्यामुळे हिशेब बरोबरीचा राहतो. सक्शनच्या भागात मात्र टोकाला दाब जवळजवळ नसतो आणि बुडाला पूर्ण 140 बार. 40 मिलिमीटर लांब आणि 4 मिलिमीटर जाड व्हेन धरली तर तिला रिंगेवर दाबणारा जोर सव्वादोन क्विंटलच्या घरात जातो. कापसाच्या मुलखातल्या वाचकाला क्विंटल समजावून सांगायला नको. एवढे ओझे घेऊन ती पोलादी पट्टी पोलादी रिंगेवरून सेकंदाला चोवीस फेरे मारते. यावर उपाय म्हणून व्हिकर्सच्या इंट्राव्हेन रचनेत व्हेनच्या पोटात एक छोटी पट्टी बसवतात, आणि सक्शनच्या भागात पूर्ण दाब फक्त तिच्यावर येतो; डेनिसनच्या पंपांत तेच काम व्हेनखालची एक बारीक पिन करते. जोर कमी होतो, पण मोजायच्या जागा वाढतात. आता व्हेन खाचेत सैल नको, घट्ट नको, आणि छोटी पट्टी व्हेनमध्ये सैल नको, घट्ट नको. तिथे तेल गळले तर व्हेनच्या बुडाचा दाब उतरतो, व्हेन रिंग सोडते आणि पुढच्या क्षणी परत आपटते. ते आपटणे मिनिटाला हजारो वेळा झाले की रिंगेवर लाटा उठतात. फिटरला ऐकू येणारे ओरडणे ते हेच.

खाचेतील सैलपणा तपासण्याची एक साधी रीत माझ्या वस्तादांनी शिकवली होती, ती मी आजही वापरतो. रोटर असा धरायचा की खाच उभी राहील, व्हेन स्वच्छ तेलात बुडवून खाचेच्या तोंडाशी ठेवायची आणि सोडून द्यायची. तिने आपल्याच वजनाने, सावकाश, मधे न थांबता तळाला जावे. खडकन पडली तर सैल. मधे थांबली तर घट्ट, किंवा खाचेच्या काठावर धातूची बारीक कड उभी राहिलेली आहे. प्रत्येक व्हेन प्रत्येक खाचेत नव्हे, पण प्रत्येक खाच एकदा तरी अशी पाहायची. त्या किटच्या दहा व्हेनांपैकी तीन खडकन पडल्या आणि एक अर्ध्यावर थांबली. अडकून बसलेली दहावी तीच.

जुन्या रिंगेबद्दल मात्र दोष पूर्णपणे माझा. पॉलिश पेपरने लाटांचे शेंडे चमकतात, लाटा जात नाहीत. नव्या व्हेनांना पहिल्या दिवसापासून खडबडीत रस्ता मिळाला. काही जण अशी रिंग ग्राइंडिंगला देतात, आणि मीही एके काळी दिलेली आहे. रिंगेचा आतला आकार दोन त्रिज्यांचा आणि त्यांना जोडणाऱ्या चढउतारांचा असतो. व्हेन किती वेगाने बाहेर यावी आणि किती अलगद आत जावी हे त्या वळणावर ठरते. हाताने किंवा साध्या ग्राइंडिंगवर ते वळण परत येत नाही, आणि वरचा कडक थर पातळ झाला की खालचे मऊ पोलाद उघडे पडते. ज्याच्याकडे त्या वळणाचा मूळ आलेख आणि त्यानुसार चालणारी मशीन आहे त्याने खुशाल करावे. माझ्याकडे नाही, म्हणून लाटा नखाला लागल्या की रिंग भंगारात. रिंगेची बाजू लॅपिंग करून सपाट करण्याचा मोहही तसाच आवरावा लागतो. दहा मायक्रॉन रिंगेच्या रुंदीतून गेले की तेवढी फट रोटरकडून हिसकावली जाते, आणि फट संपली की रोटर प्लेटला धरतो.

फट जास्त झाली तर गळती आणि कमी झाली तर पंप जाम, हे आमच्याकडे एकदा फार महागात शिकायला मिळाले होते. एका कारखान्यात दोन पंप एकाच टाकीवर होते, एक चालू आणि एक राखीव. चालू पंप रात्रभर चालून तेल 65 अंशांवर आलेले, बाहेर डिसेंबरची पहाट, राखीव पंप गारठलेला. तो एकदम सुरू केला आणि दोन मिनिटांत जाम झाला. पोलाद दर अंशाला, दर मीटरला सुमारे 12 मायक्रॉन फुगते. 40 मिलिमीटर रुंदीचा रोटर गरम तेलाने झटकन तापून बाहेरच्या रिंगेपेक्षा 40 अंशांनी पुढे गेला तर तो 19 मायक्रॉनने रुंद होतो, आणि रिंग अजून थंडच असते. ठेवलेली फट तिथेच संपते. त्या पंपाचे किट अस्सल आणि मापाबरहुकूम होते, बांधणीही चांगली होती. तो माप माहीत नसलेल्या माणसाच्या हातात होता इतकेच.

मापाच्या याच नाजूकपणामुळे मला वर्कशॉपच्या एका कोपऱ्यात काचेची छोटी खोली करून त्यात एसी लावावा लागला. लांबीची मापे जगभर 20 अंश सेल्सिअसला धरली जातात. मे महिन्यात माझ्या शेडमध्ये सावलीतही 42 अंश असतात. गाडीतून नुकती उतरवलेली रिंग कपाटातल्या रोटरपेक्षा दहा अंशांनी गरम असली, तर 40 मिलिमीटरवर पाच मायक्रॉनची तफावत तिथेच येते, आणि आपण फट मोजतोय म्हणता म्हणता ऊन मोजत बसतो. नागपूरकर म्हणून पहिला विचार वाळ्याच्या कूलरचा आला होता, पण कूलरच्या ओलाव्याने सरफेस प्लेटवर, म्हणजे तंतोतंत सपाट पाटावर, ठेवलेल्या स्लिप गेजवर (अचूक मापाच्या पोलादी ठोकळ्यांवर) एका आठवड्यात गंजाचे ठिपके दिसले, तेव्हा निमूटपणे एसी घेतला. भाग आधी पुसून, मायक्रोमीटरच्या शेजारी, एकाच प्लेटवर दोन तास ठेवायचे आणि मगच हात लावायचा. 30 मे 2024 रोजी आपल्या शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश तापमान नोंदवले होते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ती बातमी देशभर फिरली होती. पुढे हवामान खात्याने सेन्सरचा दोष असल्याचे सांगितले. त्या दिवसानंतर मी मायक्रोमीटर दर सोमवारी स्लिप गेजवर तपासतो. यंत्र खोटे बोलत असेल तर मोजणारा कितीही प्रामाणिक असला तरी उपयोग काय?

इथे एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. महाग डबा म्हणजे चांगला माल आणि देशी माल म्हणजे डुप्लिकेट, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आपल्या देशात उत्तम व्हेन पंप आणि किट बनतात, मी ती नियमित बसवतो. उलट नामांकित डब्यातून आलेल्या एका किटमध्ये मला एकदा साइड प्लेट किंचित वाकलेली सापडली, बहुधा वाहतुकीत आपटलेली. ती सरफेस प्लेटवर ठेवून एका कोपऱ्याला बोट लावले तर डुलत होती. ती मी परत पाठवली. डब्यावर काय छापले आहे यापेक्षा आत काय आहे हे पाहण्याला दोन तास लागतात, आणि या दोन तासांचे पैसे मी बिलात वेगळे दाखवतो. त्यावरून वाद घालणारे ग्राहक पुष्कळ आहेत. "फक्त किट बदलायचे आहे, मोजायचे काय त्यात?" असे ते विचारतात. मी त्यांना त्या प्रेसच्या पंपाची रिंग दाखवतो आणि नख फिरवायला सांगतो. काही जण मग गप्प होतात, काही जण दुसरे वर्कशॉप गाठतात.

भाग अचूक असले तरी बाकीची काळजी टळत नाही, पण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे म्हणून थोडक्यात. व्हेनची धार फिरण्याच्या दिशेला आहे ना, रिंगेवरचा बाण बरोबर आहे ना, हे पाहावे. उलटी बसलेली रिंग तेल देतच नाही. बोल्ट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळावेत आणि प्रत्येक टप्प्यावर शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. सील उन्हाळ्याच्या तेलाला टिकणारे असावे. कपलिंगचे अलाइनमेंट डायल लावून करावे, डोळ्याने नव्हे. सक्शनचा स्ट्रेनर तुंबलेला असेल तर जगातले सर्वोत्तम किटही हवा खाऊन लाटा पाडते. आणि बॅरलमधले नवे तेल स्वच्छ असते हा समज सोडावा. दहा-वीस मायक्रॉनच्या फटीत दहा मायक्रॉनचा कण काय करेल याची कल्पना करायला गणित लागत नाही. मी 18/16/13 (तेलातील कणांचे प्रमाण दाखवणारा आयएसओ कोड) च्या आसपासची स्वच्छता मागतो आणि टाकीत तेल फिल्टर कार्टमधूनच भरायला लावतो.

त्या प्रेसला मी स्वतःच्या खर्चाने मूळ किट बसवून दिले. बारा दिवस वाट पाहावी लागली. तोपर्यंत एका ओळखीच्या कारखान्याचा राखीव पंप उसना आणून त्यांची प्रेस चालवली. नव्या किटच्या व्हेनांत सर्वांत जास्त फरक तीन मायक्रॉनचा होता. 65 अंशांच्या तेलावर, 140 बारला, बेंचवर 131 लिटर मिळाले. मार्चअखेर हंगाम संपेपर्यंत त्या फिटरचा फोन आला नाही. आला तो एप्रिलमध्ये, त्याच्या भावाच्या लग्नाचे निमंत्रण द्यायला.

जुन्या दहा व्हेन मी फेकल्या नाहीत. काचेच्या खोलीत टेबलाच्या खणात त्या एका कापडात गुंडाळून ठेवल्या आहेत आणि नवा मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला त्या मोजायला देतो, आकडे वहीत लिहायला लावतो. गेल्या महिन्यात आयटीआय करून आलेल्या एका मुलाने मोठ्या एकाग्रतेने दहाही व्हेन मोजल्या. त्याचे सगळे आकडे माझ्या वहीतील आकड्यांपेक्षा चार-पाच मायक्रॉनने जास्त आले आणि तो बिचारा ओशाळला. चूक त्याच्या मोजण्यात नव्हती. मोजायच्या आधी एकेक व्हेन तो बराच वेळ मुठीत धरून निरखत बसला होता. मी त्याला व्हेन प्लेटवर ठेवायला सांगितले आणि आम्ही दोघे बाहेर टपरीवर चहा प्यायला गेलो.